न्यूजस्टँड की डायरेक्ट? जुनी अमेरिकन कॉमिक्स घेताना कव्हरचा कोपरा कसा वाचायचा

जुनी मार्व्हल आणि डीसी कॉमिक्स जमवायला लागलं की थोड्याच दिवसांत एक गोष्ट नजरेत येते. एकाच अंकाच्या दोन कॉप्या, चित्र तेच, आत गोष्ट तीच, जाहिरातीही त्याच, पण एकीच्या खालच्या कोपऱ्यात बारकोड आहे आणि दुसरीच्या त्याच जागी स्पायडरमॅनचं तोंड, आणि विकणारा बारकोडवालीचे जास्त पैसे सांगतोय. बारकोडवाली ती न्यूजस्टँड आणि तोंडवाली ती डायरेक्ट, एवढं कोणीही सांगतं, पण तेवढ्यावर पैसे घालवू नका, कारण हा नियम ठराविक वर्षांपुरताच खरा आहे. त्याच्या आधी वेगळी खूण होती, नंतर तर दोन्हीकडे बारकोड आले, आणि काही अंकांची न्यूजस्टँड कॉपी छापलीच गेली नाही. म्हणून माझं सगळ्या नवीन लोकांना एकच सांगणं असतं, आधी साल बघा, मग कोपरा बघा, मग हालत बघा आणि किंमत सगळ्यात शेवटी.

आधी हे दोन प्रकार आले कुठून ते थोडक्यात समजून घ्या, कारण ते कळलं की बाकीचं पाठ करायला लागत नाही.

अमेरिकेत कॉमिक्स पूर्वी मासिकांसारखीच विकली जायची, म्हणजे पेपरचे स्टॉल, औषधांची दुकानं, किराणा, बसस्टँड, तिथे तारेचा फिरता रॅक असायचा आणि पोरं त्यातून उचलायची. दुकानदाराला धोका काही नव्हता, न विकलेला माल परत करता यायचा आणि त्याचे पैसे वळते व्हायचे. परत म्हणजे आधी अख्खे अंक, मग वजन वाचवायला फक्त कव्हर किंवा कव्हरची वरची नाव असलेली पट्टी कापून पाठवायची, आणि पुढे पुढे तर 'एवढे अंक नष्ट केले' असं लिहून दिलं तरी चालायचं. त्यात गडबडीला किती वाव होता ते सांगायला नको, कागदावर नष्ट झालेले अंक मागच्या दाराने विकले जायचे आणि प्रकाशकाला त्याचा पत्ता नसायचा.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुकलिनचे फिल सूलिंग, हे शाळेत शिकवायचे आणि न्यूयॉर्कमध्ये कॉमिक्सची कन्व्हेन्शन्स भरवायचे, यांनी प्रकाशकांशी वेगळाच सौदा केला. आम्हाला माल थेट द्या, जास्त सूट द्या, आम्ही एकही अंक परत करणार नाही. प्रकाशकाला हे फारच सोयीचं होतं, छापले तेवढे विकले गेले असं धरता यायचं. खास कॉमिक्सची दुकानं यातूनच वाढली आणि या व्यवस्थेला डायरेक्ट मार्केट म्हणतात.

आता अडचण अशी की डायरेक्टवाल्याने जास्त सवलतीत घेतलेला अंक न्यूजस्टँडच्या वाटेने 'न विकलेला' म्हणून परत पाठवला तर प्रकाशकाचं सरळ नुकसान. म्हणून परत न घ्यायच्या कॉप्या ओळखता याव्यात यासाठी कव्हरवर खूण घालायला लागले. कलेक्टरसाठी वगैरे काही नव्हतं, हिशोबाची खूण होती. आणि इथूनच दुसरी महत्त्वाची गोष्ट निघते: कॉमिक्सच्या दुकानात उरलेला अंक पिशवीत घालून जुन्या अंकांच्या खोक्यात जायचा आणि जपला जायचा, स्टॉलवर उरलेला अंक नष्ट व्हायचा, आणि विकला गेलेला अंक सायकलच्या कॅरियरला लावून, दप्तरात कोंबून घरी जायचा. म्हणून डायरेक्ट कॉप्या चकचकीत हालतीत भरपूर मिळतात आणि न्यूजस्टँड कॉप्या चकचकीत हालतीत कमी मिळतात. किमतीतला फरक बहुतांशी इथूनच येतो.

पायरी १: साल शोधा

कव्हरवर महिना असतो, कधी वर्षही असतं, पण नेमकं साल बघायचं तर आत पहिल्या पानाच्या तळाला किंवा कव्हरच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरातला मजकूर असतो तो वाचा, त्यात अंक क्रमांक, महिना, वर्ष, प्रकाशकाचं नाव सगळं असतं. ऑनलाइन घेत असाल तर विकणाऱ्याकडे या पानाचा फोटो मागायला अजिबात लाजू नका. एक लक्षात ठेवा, कव्हरवरचा महिना हा विक्रीचा महिना नसतो, अंक दोन-तीन महिने आधीच बाजारात आलेला असायचा, कव्हरवरची तारीख बरीचशी स्टॉलवाल्याला अंक रॅकवरून कधी काढायचा ते कळावं म्हणून पुढची टाकलेली असायची. मी खाली जी वर्षं देतोय ती कव्हरवरची धरा.

पायरी २: १९७९ च्या आधीचा अंक असेल तर

बारकोडच मुळात कॉमिक्सवर १९७६ पासून दिसायला लागला. त्याच्या आधीच्या अंकाला कोणी 'दुर्मिळ न्यूजस्टँड' म्हणून विकत असेल तर त्या शब्दाला काही अर्थ नाही, तेव्हा जवळजवळ सगळंच न्यूजस्टँड होतं. १९७६ ते १९७८ मधल्या बारकोडवाल्या अंकांचंही तेच, बारकोड असणं हीच तेव्हाची साधी, नेहमीची कॉपी.

या काळात वेगळ्या दिसणाऱ्या कॉप्या म्हणजे व्हिटमन. वेस्टर्न पब्लिशिंग या कंपनीचं हे नाव, ते तीन-तीन अंक प्लास्टिकच्या पिशवीत घालून मोठ्या दुकानांतून विकायचे. १९७७ पासूनच्या या मार्व्हल अंकांवर वरच्या कोपऱ्यात किंमत जाडजूड चौकटच्या आकारात असते, पत्त्यातला चौकट असतो ना तसा, आणि बारकोडचा बॉक्स रिकामा असतो. बरेच जण यांनाच 'सुरुवातीची डायरेक्ट' म्हणून विकतात. वाद घालत बसू नका, चौकट आणि रिकामा बॉक्स दिसला की वहीत व्हिटमन लिहा आणि पुढे चला.

पण याच काळात एक प्रकार आहे ज्यावर थांबायलाच पाहिजे, किमतीचे व्हेरियंट. मार्व्हलला किंमत वाढवायची होती, लोक घेतील का ते बघायला त्यांनी काही मोजक्या भागांत वाढीव किमतीच्या कॉप्या पाठवल्या. १९७६ मध्ये एप्रिल ते ऑगस्टच्या अंकांवर बाकी सगळीकडे २५ सेंट आणि या कॉप्यांवर ३० सेंट, मग १९७७ मध्ये जून ते ऑक्टोबर बाकी सगळीकडे ३० आणि यांच्यावर ३५. बाकी अंकात काडीचा फरक नाही. यातला सगळ्यात गाजलेला म्हणजे 'स्टार वॉर्स' अंक १, जुलै १९७७, ३५ सेंटवाला. साध्या कॉपीच्या कैक पट किंमत जाते त्याची, आणि म्हणूनच फसवणूकही तिथेच जास्त.

तर 'स्टार वॉर्स' १ चं नीट समजून घ्या. त्याची मागणी एवढी होती की तो पुन्हा छापला गेला, आणि त्या पुनर्मुद्रणावरही ३५ सेंटच किंमत आहे. म्हणजे नुसतं '३५' बघून उडी मारली तर हातात रिप्रिंट येणार. खऱ्या ३५ सेंट व्हेरियंटला दोन गोष्टी एकदम हव्यात, किंमत सरळ चौकोनी बॉक्समध्ये आणि खाली बारकोडच्या पूर्ण रेघा. किंमत चौकटच्या आकारात असेल किंवा बारकोडचा बॉक्स रिकामा असेल तर तो रिप्रिंट. रिप्रिंट असा शब्दही कव्हरवर नाहीतर आतल्या बारीक मजकुरात सापडतो. आणि याच्या पलीकडे साध्या ३० सेंटवाल्या कॉपीवर शून्याचा पाच करून विकणारेही निघतात, म्हणून मोठी रक्कम असेल तर किमतीचा आकडा जवळून, तिरप्या उजेडात काढलेल्या फोटोत बघा, आणि त्याहून चांगलं म्हणजे अशी वस्तू सर्टिफाय केलेलीच, म्हणजे ग्रेडिंग कंपनीने तपासून हालतीचा ग्रेड देऊन सील केलेलीच घ्या. याच ३५ सेंटच्या गटात 'आयर्न फिस्ट' अंक १४ पण येतो, सेबरटूथ पहिल्यांदा आला तो, त्यालाही हेच सगळं लागू.

पायरी ३: १९७९ ते साधारण १९९२, इथे कोपरा खरा बोलतो

सुरुवात करायला हा काळ सगळ्यात चांगला, कारण फरक डोळ्याला लगेच दिसतो आणि अंकही अजून आवाक्यात आहेत.

मार्व्हलने १९७९ पासून डायरेक्ट कॉप्या वेगळ्या करायला सुरुवात केली. पहिल्या काही काळात किंमत चौकटच्या आकारात आणि बारकोड छापलेला पण त्यावर तिरपी रेघ मारलेली असा प्रकार दिसतो, सगळ्या महिन्यांत सगळ्या अंकांना एकसारखं नाहीये, त्यामुळे एखादा अंक नियमात बसला नाही तर घाबरू नका. थोड्याच काळात बारकोडच्या जागी स्पायडरमॅनचं तोंड किंवा दुसरं छोटं चित्र यायला लागलं, आणि हीच खूण पुढे दहा-बारा वर्षं चालली. डीसीने हेच १९८० मध्ये सुरू केलं, त्यांच्या बॉक्समध्ये डीसीचा लोगो, एखादं पात्र किंवा जाहिरातीची ओळ दिसते.

म्हणजे सरळ नियम असा, या काळात पूर्ण बारकोड असेल तर न्यूजस्टँड, चित्र, लोगो किंवा रेघ मारलेला बारकोड असेल तर डायरेक्ट. बारकोड बहुतेक वेळा खाली डावीकडे असतो पण चित्रकाराच्या सोयीने दुसरीकडेही सरकतो, त्यामुळे पूर्ण कव्हर बघा.

मार्व्हलची दुसरी खूण किमतीच्या बॉक्समध्ये. १९८२ च्या शेवटापासून १९८६ पर्यंत डायरेक्ट कॉपीवर अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटन अशा तिन्ही किमती एकाखाली एक असतात, आणि अमेरिकन न्यूजस्टँड कॉपीवर फक्त एकच किंमत. का, तर कॅनडातल्या स्टॉलसाठी वेगळी कॉपीच छापली जायची.

त्या कॅनडावाल्या कॉप्या म्हणजेच हल्ली ज्यांच्यामागे लोक हात धुऊन लागलेत त्या कॅनेडियन प्राइस व्हेरियंट, विक्रीच्या मथळ्यात बऱ्याचदा नुसतं सीपीव्ही लिहिलेलं असतं. मार्व्हलच्या ऑक्टोबर १९८२ ते ऑगस्ट १९८६, डीसीच्या ऑक्टोबर १९८२ ते सप्टेंबर १९८८. सगळ्या न्यूजस्टँडच, बारकोडवाल्या, आणि वर एकच किंमत पण ती कॅनेडियन डॉलरमधली. 'अमेझिंग स्पायडरमॅन' २५२, मे १९८४, काळा पोशाख पहिल्यांदा दिसला तो अंक अमेरिकेत ६० सेंटला होता, त्याचा बारकोडवाला ७५ सेंटचा अंक दिसला तर तो कॅनडाचा. 'सीक्रेट वॉर्स' ८ अमेरिकेत ७५ सेंट, कॅनडाचा १ डॉलर. कॅनडाची बाजारपेठ अमेरिकेच्या तुलनेत लहानशी, त्यातही फक्त स्टॉलच्या कॉप्या, त्यामुळे या खरोखरच कमी आहेत. नवीन माणसाला माझा सल्ला असा की या काळातल्या अंकांच्या अमेरिकन किमती पाठ करून टाका, कारण मिसळलेल्या ढिगाऱ्यात विकणाऱ्याच्या लक्षात न आलेली कॅनेडियन कॉपी अजूनही सापडू शकते, आणि ती ओळखायला तुम्हाला दोन सेकंद लागतील.

आता 'अमेझिंग स्पायडरमॅन' २३८, मार्च १९८३, हॉबगॉब्लिनचा पहिला अंक, यात आत टॅटूचा एक कागद शिवलेला होता आणि पोरांनी तो काढून अंगावर लावला, लावायलाच दिला होता तो. न्यूजस्टँड असो की डायरेक्ट, टॅटू आहे का ते विचारल्याशिवाय पैसे देऊ नका, तो नसेल तर अंक अपूर्ण धरला जातो आणि किंमत धाडकन खाली येते.

पायरी ४: १९९३ नंतर, दोन्हीकडे बारकोड

इथे नवीन लोक हमखास गोंधळतात. १९९३ च्या आसपास कॉमिक्सच्या दुकानांतही स्कॅनर आले आणि डायरेक्ट कॉप्यांवरही खरा बारकोड यायला लागला. त्यामुळे 'बारकोड आहे म्हणजे न्यूजस्टँड' हे आता चालत नाही, आणि ऑनलाइन विक्रीत सगळ्यात जास्त चुकीची लेबलं याच काळातल्या अंकांना लागलेली असतात.

सोपी खूण म्हणजे बारकोडच्या शेजारी किंवा वर 'डायरेक्ट एडिशन' किंवा 'डायरेक्ट सेल्स' असे शब्द छापलेले असतात, ते वाचा. शब्द दिसत नसतील तर मोठ्या बारकोडच्या उजवीकडे जो छोटा बारकोड असतो त्याचे आकडे मोजा. न्यूजस्टँडला दोन आकडे, जुन्या अंकांत ते बहुतेक महिना दाखवतात, ०५ म्हणजे मे. डायरेक्टला पाच आकडे, आणि हे पाच आकडे वाचायला शिकलात तर पुढे कायम उपयोगी पडतील: पहिले तीन म्हणजे अंक क्रमांक, चौथा म्हणजे कुठलं कव्हर आणि पाचवा म्हणजे कितवी छपाई. ००१११ म्हणजे अंक १, पहिलं कव्हर, पहिली छपाई. ००११२ असेल तर दुसरी छपाई. कव्हर सारखंच दिसत असलं तरी हा शेवटचा आकडा छपाई सांगून जातो.

अजून एक पडताळा, मोठ्या बारकोडचे सुरुवातीचे आकडे. नव्वदच्या दशकात मार्व्हलच्या न्यूजस्टँड कॉपीवर ०७१४८६ आणि डायरेक्टवर ७५९६०६ दिसतात, डीसीच्या न्यूजस्टँडवर ०७०९८९ आणि डायरेक्टवर ७६१९४१. फोटो अर्धवट असला, छोटा बारकोड कापला गेला असला तर एवढ्यावरूनही काम होतं. पुढच्या वर्षांत मात्र आधी छोट्या बारकोडचे आकडेच मोजा.

हा शेवटचा काळ तसा दुर्लक्षित आहे आणि मला वाटतं सगळ्यात जास्त मजा इथेच आहे. तोपर्यंत विक्री जवळजवळ पूर्ण कॉमिक्सच्या दुकानांत गेली होती, स्टॉल आणि मोठी बुकशॉप्स इथे थोड्याच कॉप्या जायच्या, आणि त्या विकत घेणारे बहुतेक जण वाचून टाकणारे होते. नंतर नंतर काही न्यूजस्टँड कॉप्यांवर छापील किंमतही डायरेक्टपेक्षा जास्त असायची, त्यामुळे कव्हरवरच्या किमतीवरूनही ओळखता येतं. मार्व्हलने २०१३ च्या शेवटी न्यूजस्टँड बंद केलं, डीसीने २०१७ मध्ये. त्यानंतरच्या मार्व्हल-डीसी अंकाला कोणी न्यूजस्टँड म्हणत असेल तर पुढे बोलूच नका.

जे अस्तित्वातच नाही ते शोधू नका

काही अंक फक्त डायरेक्ट मार्केटसाठीच काढले होते. मार्व्हलचा 'डॅझलर' अंक १, मार्च १९८१, हा त्यांचा असा पहिला, चार लाखांच्या वर कॉप्या गेल्या त्याच्या आणि सगळ्या डायरेक्ट. डीसीची 'कॅमेलॉट ३०००' ही १९८२ ची मालिका पण तशीच. मार्व्हलने 'मून नाइट', 'का-झार', 'मायक्रोनॉट्स' या मालिकाही काही काळ फक्त दुकानांकडे वळवल्या होत्या. म्हणून एखाद्या अंकाची न्यूजस्टँड कॉपी वर्षभर शोधूनही दिसत नसेल तर ती दुर्मिळ आहे असं धरायच्या आधी ती छापली होती का ते तपासा.

पायरी ५: हालत

न्यूजस्टँड कॉपी हातात आली की तिच्या अंगावर स्टॉलच्या खुणा दिसतात. तारेच्या रॅकमुळे वरचा भाग वाकलेला, शिवणीच्या कडेला बारीक पांढऱ्या रेघा, किमतीचं स्टिकर, कोणीतरी पेनाने किंवा शिक्क्याने टाकलेली आल्याची तारीख. गठ्ठा करून बघितलात तर काही अंकांच्या वरच्या कडेला लाल, निळा, हिरवा असा रंगाचा फवारा दिसतो, तो वितरकाने मारलेला असायचा, कुठला गठ्ठा कधी परत घ्यायचा ते लांबून कळावं म्हणून. मला स्वतःला हा रंग आणि ती तारीख आवडते, अंक कुठल्या वाटेने आला त्याचा तो पुरावा आहे, आणि ग्रेडिंगमध्येही छोटी तारीख किंवा कडेचा थोडा रंग फारसा मारत नाही. पण रंग कव्हरच्या चित्रावर उतरला असेल तर वेगळी गोष्ट. आणि कव्हर नसलेला किंवा कव्हरची वरची पट्टी कापलेला अंक घेऊच नका, वाचायला घ्यायचा असेल तर घ्या, संग्रहासाठी नको.

मधल्या पानांत कधीकधी जाड कागदाची दागिन्यांची जाहिरात शिवलेली सापडते, मार्क ज्वेलर्स नावाची. ती फाडून टाकू नका! ही जाहिरात सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या काही न्यूजस्टँड कॉप्यांतच आहे, मुख्यतः लष्करी तळांवर गेलेल्या, आणि ती असलेली कॉपी खास शोधणारे लोक आहेत. बाहेरून काहीच कळत नाही, शिवणीजवळ अंक किंचित जाड लागतो एवढंच, म्हणून मधलं पान उघडून बघायची सवय लावा.

पायरी ६: ऑनलाइन विक्रीतली लेबलं

विकणारे मथळ्यात न्यूजस्टँड, एनएस, यूपीसी, डायरेक्ट, सीपीव्ही असं काय काय टाकतात. यूपीसी म्हणजे बारकोड, बाकी काही नाही, आणि १९९३ नंतरच्या अंकाला नुसतं यूपीसी लिहिलं असेल तर त्यातून काहीच कळत नाही. मथळा सोडा आणि फोटो बघा. फोटो साठ्यातला एखादा दाखवलाय की तुम्हाला मिळणाऱ्या कॉपीचाच आहे हे लिहून विचारा, कारण एकाच अंकाच्या पाच कॉप्या असलेला दुकानदार एकच फोटो लावून मोकळा होतो आणि मग पाकिटातून दुसरीच येते.

सर्टिफाय केलेली, म्हणजे सीजीसी किंवा सीबीसीएस या ग्रेडिंग कंपन्यांच्या प्लास्टिकच्या डबीत सील केलेली कॉपी घेताना पण हेच. सीजीसीच्या जुन्या लेबलांवर बऱ्याच अंकांना न्यूजस्टँड-डायरेक्ट असा भेद लिहिलेलाच नाही, सीबीसीएस लिहित आलंय. त्यामुळे सीजीसीच्या नोंदीत अमुक ग्रेडच्या इतक्या कॉप्या आहेत असा आकडा दाखवून कोणी न्यूजस्टँड किती कमी आहे ते सांगत असेल तर त्या आकड्यात दोन्ही प्रकार एकत्र असण्याची शक्यता धरा. डबीतून कव्हर स्वच्छ दिसतं, कोपरा स्वतः वाचा.

पायरी ७: जास्त पैसे कधी द्यायचे

किती न्यूजस्टँड आणि किती डायरेक्ट छापल्या याचे प्रकाशकांनी अंकवार दिलेले पक्के आकडे नाहीत. माइल हाय कॉमिक्सचे चक रोझान्स्की यांनी दिलेले अंदाज खूप फिरतात, त्यानुसार १९७९ मध्ये मार्व्हलच्या विक्रीत डायरेक्टचा वाटा ६ टक्क्यांच्या आसपास होता, ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर निम्मा-निम्मा झाला आणि नव्वदपर्यंत न्यूजस्टँड अगदी थोडं उरलं. हा एका मोठ्या विक्रेत्याचा अंदाज आहे, पण दिशा बरोबर आहे, आणि त्यावरून माझा हिशोब असा:

१९७९ ते १९८१, डायरेक्ट कॉपीच कमी आहे, बारकोडवाल्याला जादा पैसे देऊ नका. १९८२ ते १९८६, साध्या हालतीत दोन्ही सारख्याच धरा, एकदम वरच्या ग्रेडला न्यूजस्टँडला थोडे जास्त चालतील, कॅनडावाल्याला नक्की. १९८७ नंतर न्यूजस्टँडचा भाव वाढणं रास्त आहे, 'अमेझिंग स्पायडरमॅन' ३०० म्हणजे व्हेनमवाला, 'न्यू म्युटंट्स' ९८ म्हणजे डेडपूलवाला, 'बॅटमॅन ॲडव्हेंचर्स' १२ म्हणजे हार्ली क्विनवाला, या सगळ्यांच्या दोन्ही कॉप्या आहेत आणि चांगल्या हालतीतली न्यूजस्टँड पटकन मिळत नाही. २००० नंतरची न्यूजस्टँड खरंच कमी, पण ती ज्या अंकाला मागणी आहे त्याचीच घ्या, कोणाला नको असलेला अंक कमी असला म्हणून महाग होत नाही.

आणि फाटक्या, दुमडलेल्या न्यूजस्टँडला फक्त बारकोड आहे म्हणून दुप्पट देणं मला अजिबात पटत नाही. तशा भरपूर आहेत, थांबलात तर चांगली मिळेल.

आपल्याकडून घ्यायचं तर

भारतात बसून मागवताना टपालखर्च आणि कस्टम ड्युटी मिळून स्वस्त अंक महाग होतो, म्हणून एक-एक अंक न मागवता एकाच विक्रेत्याकडून गठ्ठ्याने घ्या आणि पुठ्ठ्यांच्या मध्ये घट्ट बांधून पाठवायला सांगा. अमेरिकेत किंवा कॅनडात कोणी मामा-मावशी, बहीण, मित्र असेल तर त्यांच्या पत्त्यावर मागवून येताना आणायला सांगणं सगळ्यात बरं, आणि जे स्वतःच तिकडे राहतात त्यांनी शनिवार-रविवारची गराज सेल, फ्ली मार्केट सोडू नयेत, घरातून निघालेला जुना माल बऱ्याचदा स्टॉलवरून घेतलेलाच असतो. कॅनडातल्या लोकांना तर सीपीव्ही दारातच आहेत.

मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर, पुण्यात जुन्या पुस्तकांच्या दुकानांत अमेरिकन अंक मधूनच हाती लागतात, तेव्हा किंमत बघा, रुपयात छापलेली असेल तर तो भारतीय आवृत्तीचा अंक, गॉथम कॉमिक्सने मार्व्हल-डीसीचे असे बरेच काढले होते. ते जमवायला छानच आहेत पण न्यूजस्टँड-डायरेक्टच्या या हिशोबात ते येत नाहीत. पेन्समध्ये किंमत असेल तर ब्रिटनसाठीची छपाई, तिचीही वेगळी नोंद ठेवा.

घरी आल्यावर आपल्या हवेत खरा शत्रू म्हणजे दमट पावसाळा. पॉलिप्रॉपिलिनची पिशवी, आम्लरहित पुठ्ठा, उभे ठेवायचे, भिंतीला चिकटून असलेल्या लोखंडी कपाटात नको आणि जमिनीवर तर नकोच, खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि जून ते सप्टेंबर त्या बदलत राहा. पिनांना गंज चढला की तो कागदात उतरतो आणि मग काही करता येत नाही.

आणि पहिल्या अंकापासून नोंद ठेवा, एक्सेल चालेल, वही चालेल. मालिकेचं नाव, अंक, कव्हरवरचा महिना-वर्ष, छापील किंमत आणि कुठल्या देशाची, कोपऱ्यात काय आहे ते शब्दात म्हणजे 'पूर्ण बारकोड' किंवा 'स्पायडरमॅनचं तोंड' किंवा 'रेघ मारलेला', छोट्या बारकोडचे आकडे, आतले टॅटू-जाहिरात असे जोडकागद, हालत, कधी आणि केवढ्याला घेतला. न्यूजस्टँड की डायरेक्ट हा रकाना सगळ्यात शेवटी भरा, आधीचे रकाने भरून झाले की त्याचं उत्तर आपोआप समोर असतं, आणि उद्या विकायला काढलात तर घेणाऱ्याने विचारलेल्या प्रत्येक गोष्टीचं उत्तर त्या एका ओळीत मिळेल.